खालचा बॉल खरा

लहानपणी उत्तराला चंद्र दोन दिसायचे. एक वर, जरा फिकट. दुसरा त्याच्या खाली, थोडा बाजूला सरकलेला, दुधाच्या वाटीतून उतू गेल्यासारखा. नागपुरात, इंदोऱ्यातल्या घरासमोर तिन्हीसांजेला बाज टाकलेली असायची. तिच्यावर उताणं पडून ती त्या दोघांना वर चढताना बघायची. एकदा शेजारच्या बायजाबाईंना तिनं हे सांगितलं, तर त्या मायला म्हणाल्या, "पोरगी लबाड निघते वं तुझी, प्रयागबाई." तेव्हापासून उत्तरानं चंद्राचं नाव काढणं सोडलं. मग तिच्याहून आठ वर्षांनी धाकटा भाऊ रविंद्र बोलायला लागला आणि एका संध्याकाळी तिच्या मांडीवर बसून बोट वर करत म्हणाला, "ताई, दोन हायेत ना वं?"

उत्तरानं त्याला छातीशी धरलं. "हो गा. पण कोणाले सांगू नको."

तिला दूरचं सगळंच असं दिसायचं, कडा विरघळलेलं, पाण्यात हलणारं. छप्पन सालच्या दीक्षेच्या दिवशी बाबांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. बाबा, म्हणजे तिचे वडील दादाजी, वस्तीतले सगळ्यात उंच. गिरणीत त्यांना 'खांब' म्हणत. त्या गर्दीत त्यांच्या खांद्याहून उंच जागा दुसरी नव्हती. पुढं आयुष्यभर लोक त्या दिवसाबद्दल बोलत, कोणी काय ऐकलं, कोण किती कोसांवरून चालत आलं होतं. उत्तराला आठवायचं ते फक्त लोकांच्या कपड्यांचं पांढरं. क्षितिजापर्यंत पांढरं पाणी, हळूहळू हेलकावणारं, आणि आपण त्यावर तरंगतोय. आणखी काही दिसलं नव्हतं. पण तिला कधी वाटलं नाही की काही दिसायचं राहिलं.

शाळेत उंच पोरींना मागच्या बाकावर बसवत. तिथून फळा म्हणजे एक काळा ढग. ती कानांनी शिकली. मास्तरांचा आवाज कुठं चढतो, कुठं घोट गिळून पुढं जातो, यावरून तिला कळायचं की परीक्षेत काय येणार. म्हणून चौऱ्याहत्तर साली टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिच्या हातांचं. बोर्डासमोर बसली की दोन खुर्च्यांपलीकडच्या भोकातही तिची वायर पोचायची. बोटं लांब, सडपातळ, मागं वाकवली तर मनगटाला टेकणारी. शेजारची अरुंधती जोशी चार फूट दहा इंचांची. ती म्हणायची, "उत्तरा, तू बस, मी घरी जाते. तुझ्या एकटीत दोन ऑपरेटर आहेत."

डोक्याला हेडफोन लावला की उत्तरा डोळे अर्धे मिटून घ्यायची. अमरावती, रायपूर, जबलपूर. कोणी बाळ झाल्याचं सांगतंय, कोणी संत्र्याच्या गाडीची चौकशी करतंय. सगळे आवाज अंधाऱ्या पाण्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यांसारखे. दिवे तिला दोन-दोन दिसत, पण ओळीत बोटानं मोजत गेलं की भोक बरोबर सापडे.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर ते सापडेनासं झालं. एका दुपारी तिनं एका म्हाताऱ्याचा भंडाऱ्याचा कॉल चंद्रपूरला जोडला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तसंच केलं. अरुंधतीनं काही न बोलता तिचा लांब हात धरला आणि संध्याकाळी सीताबर्डीवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, बराच वेळ बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला एका डोळ्यानं दोन दिसतात का?"

एकोणतीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिला रडू आलं.

डोळ्यातलं भिंग आपल्या जागेवरून वर सरकलेलं आहे, दोन्ही डोळ्यांत, असं त्यांनी सांगितलं. भिंगाच्या काठावरून एक चित्र येतं आणि काठाखालून दुसरं. त्यांनी जाड काचांचा चष्मा दिला. त्यानं सगळं नाही, पण पुष्कळ जमणार होतं. सोबत मेडिकल कॉलेजातल्या, छाती तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या नावानं चिठ्ठीही दिली. उत्तराला वाटलं, डोळ्यांसाठी छातीच्या डॉक्टरकडं काहून?

चष्मा आला त्या दिवशी ती एक्स्चेंजच्या दारात उभी राहिली आणि हसतच सुटली. आजवर तिला रस्त्यावरचे राघू हवेत एका ओळीत बसलेले दिसायचे, आधाराशिवाय, आणि तिनं ते तसंच मान्य केलं होतं. आज त्यांच्या पायांखाली तार होती. चार वर्षं जिच्यातून रोज शेकडो माणसं जोडली, ती तार तिनं आज पहिल्यांदा पाहिली.

मेडिकलच्या डॉक्टरीणबाई वयानं तिच्याएवढ्याच. त्यांनी तिला अंगठा मुठीत मिटायला सांगितला. अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. मग त्यांनी छातीला तपासायची नळी लावली ती काढेचनात. शेवटी खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "याला मार्फन म्हणतात. फार थोड्या लोकांना असतो, आणि घराण्यातून येतो. आपल्या शरीरात सगळ्या गोष्टींना धरून ठेवणारे धागे असतात, डोळ्यात, सांध्यात, रक्ताच्या नळ्यांत. तुमचे धागे जन्मापासून सैल आहेत. म्हणून भिंग सरकलं. म्हणून हातपाय लांब. आणि काळजातून निघणारी मोठी नळी थोडी फुगलेली वाटते. ती जपायची. जड उचलायचं नाही, धावायचं नाही, रोज गोळी घ्यायची."

"नाही जपली तर?"

"फाटू शकते." डॉक्टरीणबाईंनी नजर चुकवली नाही. "घरात आणखी कोणी उंच?"

"बाबा होते. गेले. मी चौदाची होती तेव्हा."

"अचानक?"

"हो."

"भाऊ-बहीण?"

उत्तराला भावाचं हसणं आठवलं. मागच्या बुद्धपौर्णिमेला रविंद्र सुटीवर आला होता. खीर खाता खाता सांगत होता, खापरखेड्याच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आपल्यासारखा ब्लॉक कोणाचा नाही. माय म्हणाली, तुले बॉल दिसते तरी का गा नीट? तो हसला. "दोन दिसतात, माय. वरचा सोडून द्यायचा. खालचा बॉल खरा."

"एक भाऊ आहे," उत्तरा म्हणाली. "सहा फूट तीन इंच. व्हॉलीबॉल खेळते. त्याच्यावरच नोकरी लागली त्याले, खापरखेड्याच्या पावरहाऊसमध्ये."

घरी आल्यावर तिनं मायला सगळं सांगितलं. प्रयागबाई विड्या वळत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत, पण त्या संध्याकाळी तिनं वळलेल्या विड्या साऱ्या ढिल्या निघाल्या. वळता वळता ती म्हणाली, "म्हणजे सूतच कच्चं होतं. नजर नाही, करणी नाही, माझं काही चुकलं नाही." मग पदर तोंडाला लावला. "पंधरा वर्षं मले वाटे, त्या दिवशी मी तुझ्या बाबाले जेवू घालून पाठवलं असतं तर."

रविंद्रला सांगायला उत्तरा जानेवारीत खापरखेड्याला गेली. बसमधून उतरली तर उंच चिमण्यांचा धूर थंडीत सरळ वर चढत होता आणि राखेची बारीक भुरी सगळ्या कॉलनीवर साखरझोपेसारखी पसरली होती. त्या दिवशी मॅच होती, कोराडीच्या पोरांशी. बायका, लेकरं, कामगार मैदानाभोवती जमलेले. ती गर्दीच्या मागं उभी राहिली. तिला पुढं जायची गरज कधी पडत नसे.

भाऊ खेळताना तिनं पाहिला नव्हता असं नाही. पण तो एक लांब, पिवळसर हालचाल म्हणून पाहिला होता. आज चष्म्यातून तो तिला माणसासारखा दिसला. तो वाकला, दोन पावलं टाकली आणि उडाला. वर गेल्यावर एक क्षण तो तिथं थांबला. खरोखर थांबला, कोणी हवेत खुंटीला टांगावा तसा, हात जाळीच्या वर, बोटं फाकलेली, चेहऱ्यावर झोपेतल्या लेकरासारखी शांतता. त्या क्षणात मैदानावरचा सगळा गलका उत्तराच्या कानातून नाहीसा झाला. बाबांच्या खांद्यावरून दिसलेलं ते पांढरं पाणी तिच्या अंगाखालून वाहून गेलं. आणि मग तिला धडधडत आठवलं की त्या बनियनच्या आत एक नळी आहे.

खापरखेडा जिंकलं. पोरांनी रविंद्रला उचललं. ती पाण्याच्या टाकीजवळ त्याची वाट पाहत राहिली.

"ताई! चष्मा! मास्तरीण दिसून राहिली वं!"

तिनं सांगितलं. तो नळाखाली डोकं धरून ऐकत होता. पाणी बंद केलं तरी डोकं वर काढेना.

"मले काहीच होत नाही," तो म्हणाला.

"बाबालेही काही होत नव्हतं."

"बाबा गिरणीत खपले. धूळ, उपास, रातपाळ्या. तुले डॉक्टरनं भेव घातलं अन् तू मले घालून राहिली. बॉल सोडून काय करू मी? सारे म्हणतात लंबू, ऊंट, बांबू. फक्त या जाळीपाशी म्हणतात रविंद्र." त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "साडेसहाची बस हाय तुझी."

तो तिला बसपर्यंत सोडायला आला, पण चार पावलं पुढं चालत.

सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी दुपारी तिच्या बोर्डावर दिवा लागला. खापरखेडा. तिनं वायर लावली. "ट्रंक एक्स्चेंज."

तिकडून यंत्रांचा घुमारा आला, जमिनीखालून नदी वाहावी तसा. मग आवाज. "ताई, मीच हाव. कंट्रोल रूममधून बोलून राहिलो."

"कुठं लावू?"

"कुठंच नाही. तुझ्याशीच बोलायचं होतं." त्याचा आवाज खाली आला. "बाबा कसे गेले? मले कोणी सांगतलंच नाही. मी सहाचा होतो ना?"

उत्तरानं डोळे मिटले. शेजारी अरुंधतीनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि तिच्या बोर्डावरचे पुढचे दोन दिवे स्वतःकडं ओढून घेतले.

"बायजाबाईच्या घरावर टिना टाकून राहिले होते," उत्तरा सांगू लागली. "उंच माणूस म्हणून सारे त्यायलेच बोलवत. शिडी लागत नसे. एक टिन वर धरलं अन् म्हणाले, पाठीत काहीतरी टरकन फाटलं गा. मग टिन हळूच खाली ठेवलं, कोणाले लागू नये असं. अंगणात बसले. पाणी मागतलं. मले म्हणाले, रवीले घेऊन जा बाहेर, त्याले दाखवू नको. मी तुले घेऊन गेली. बोरीखाली. तू बोरं वेचत होता."

"बोरं आठवतात मले," तो म्हणाला. "त्यायलेही दोन दिसत होते का वं?"

या प्रश्नाचा तिनं कधी विचार केला नव्हता. आणि विचारल्याबरोबर तिला ते दिसलं, स्वच्छ, कुठल्याही काचेशिवाय. सायकलच्या दांडीवर ती, मागं बाबा, गिरणीकडून येताना अंधारून आलेलं. "सायकलवर मले विचारत, समोर दिवे किती हायेत, एक का दोन? मी म्हणे, दोन. तर हसत. म्हणत, चला, म्हणजे मी एकटा नाही."

तिकडं यंत्रांची ती नदी.  मग रविंद्रचा श्वास, नाकातून ओढलेला.

"कॉलची तीन मिनिटं झाली," अरुंधती हळूच म्हणाली, पण वायर काढायला तिनं हात पुढं केला नाही.

"सोमवारी येतो," तो म्हणाला. "तू सोबत येशील ना?"

सोमवारी मेडिकलच्या व्हरांड्यात लांब रांग होती. डॉक्टरीणबाईंनी रविंद्रची छाती ऐकली, एक्स-रे उजेडाशी धरला, पुन्हा ऐकलं. नळी थोडी रुंद होती, पण उत्तराच्या नळीहून कमी. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. मग दोघांच्या हातांची मोजमापं घ्यायची ठरली. खोलीत जागा पुरेना, म्हणून भावाबहिणीला व्हरांड्याच्या भिंतीशी पाठ लावून, हात दोन्ही बाजूंना पसरून उभं केलं. नर्सनं टेप लावली, ती अर्ध्यात संपली. पेन्सिलीनं खूण करून ती पुढं सरकली. हात भिंतीतल्या दारापुढं आले, तसे रांगेतले लोक वाकून त्यांच्या हातांखालून आत-बाहेर जात होते. एक लेकरू तर परत परत जात होतं. रविंद्रची बोटं उत्तराच्या बोटांना टेकली. त्यानं ती धरली.

"हसू नका, माप चुकते," नर्स म्हणाली.

त्यानंतर रविंद्र जाळीपाशी उडाला नाही. दोन वर्षं तो मैदानाच्या बाजूनंच गेला नाही, रस्ता बदलून जायचा. तिसऱ्या वर्षी कामगारांच्या पोरांना शिकवायला म्हणून जाऊ लागला, बाकावर बसून, आरडाओरडा करत. उत्तराच्या गोळ्या आणि त्याच्या गोळ्या एकाच दुकानातून येत. लग्नाचं विचारलं की दोघंही वेगवेगळी उत्तरं देत. प्रयागबाईनं विचारणं सोडलं नाही.

पण त्या सोमवारी हे काही कोणाला ठाऊक नव्हतं. दोघांनी बाहेरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी तिखट की डोळ्यांना धारा लागल्या. कशाच्या त्या कोणी विचारलं नाही. इंदोऱ्याच्या बसमध्ये रविंद्रला खिडकीशी जागा मिळाली आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागली. उत्तरानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. लगेच सारा रस्ता विरघळला. दुकानं, सायकली, संध्याकाळचे दिवे, सगळं एकमेकांत मिसळून सोनेरी पाण्यासारखं काचेला लागून वाहू लागलं, आणि ती त्यात डुलत राहिली.

कंडक्टर आला. रविंद्रचे पाय वाटेत आडवे पसरले होते.

"याले उठवा ना, बाई. पाय आत घ्या म्हणा."

"झोपू द्या हो," उत्तरा म्हणाली. "तुम्हीच ओलांडून जा."

कंडक्टरनं धोतर सावरल्यासारखी पँट वर ओढली, एक ढांग टाकली आणि पुढं गेला.