सभागृहाची कडी

गावाच्या सभागृहाच्या दाराला कडी बाहेरून होती. इमारत बांधली तेव्हाच जाणत्यांनी ठरवून टाकलं होतं: बैठक बसली की बाहेरून कडी लावायची आणि निकाल लागल्याशिवाय काढायची नाही. नाहीतर प्रकरण अंगाशी आलं की लोक लघवीचं निमित्त काढून पळतात! कडीचा मान एकाच घराकडे होता. आजोबांनंतर तो तिच्या वडिलांकडे आला, आणि बाबा तो छाती काढून मिरवायचे.

पाण्याच्या वाटणीवरून बैठक बसली त्या दिवशी आत दिवा कलंडला आणि पडद्यांनी पेट घेतला. ती आणि तिचा नवरा आतच होते. लोक ओरडले, दारावर बुक्क्या मारत राहिले. बाहेर ओट्यावर बाबा हसत बसले होते. त्या दाराआड आरडाओरडा नेहमीचाच. "आज चांगलीच जुंपलेली दिसते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. दाराखालून धूर आला तेव्हा कुठे त्यांनी कडी काढली. तिला ओढून बाहेर घेतलं. नवरा गेला, आणि त्याच्याबरोबर आणखी कितीतरी जण.

तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद. "जावयाचा आवाज मी हजारात ओळखला असता. त्यानं हाकच मारली नाही, त्याला मी काय करू?" ती मूग गिळून ऐकायची. म्हाताऱ्या जिवाला कशाला घोर लावायचा, मनाशी म्हणायची. चीड मात्र यायचीच.

आता सभागृह पुन्हा उभं राहिलं, आणि गावाला जुन्याची हौस आली. पुढारी घरी आले.

"कडी हवीच. तिच्याशिवाय एक निर्णय धड होत नाही. आणि लावायला तुम्हीच हवेत."

बाबांची कळी खुलली. पाहुणे उठताच त्यांनी ठेवणीतला कोट काढून झटकायला घेतला.

ती समोर जाऊन उभी राहिली. "नाही म्हणून कळवा, बाबा."

"का म्हणून?"

"ह्यांनी हाक मारली होती. बाबा, दार उघडा, म्हणत होते. घसा बसेपर्यंत. मी शेजारीच होते. बाकीच्यांना म्हणाले, जरा गप्प बसा, माझा आवाज बाबांना कळेल."

बाबांचा हात कोटावर थांबला. आता बाबा कोसळतात, असं तिला वाटलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांना धरायला ती पुढे झाली.

"मग जोरात मारायची होती," बाबा म्हणाले, आणि बाहीत हात घातला.

दुपारी दाराला नवी कडी बसली.