करवंटीतला गणपती

हमरापूरच्या देवळापुढे त्या रविवारी एवढी गर्दी, की रंगकाम ऐन भरात असूनही कारखान्यांत ब्रश धरायला माणूस उरला नव्हता. वर्षाला हजारो गणपती घडवून विकणारे हे गाव एका नारळातला गणपती बघायला लोटले होते. मीही गेलो. रोह्यात करवंट्या कोरून पोट भरतो. धंद्यातला नवा स्पर्धक बघायला नको?

स्पर्धकाचे नाव नारळबाबा. कलियुगात गणराय मूर्तीत राहायला कंटाळले म्हणून करवंटीत मुक्कामाला आले, असे त्यांनी समजावले आणि नारळ दगडावर आपटला. खोबऱ्याचा अख्खा गोटा बाहेर घरंगळला, करवंटीच्या आत सोंडेसकट गणपती! पाण्याचा थेंब नव्हता. ते म्हणे देवाने प्राशन केले. तहान लागली असेल बिचाऱ्याला.

हसून सोडून दिले असते, पण माझा मेहुणा केरू पुढेच खोकत बसला होता. त्याला क्षय झालेला. अशाच करवंटीत ओतलेले पाणी प्यायचे आणि गोळ्या बंद, ही बाबांची आज्ञा. माझी बहीण हौसा दीड महिना ती पाळत होती आणि केरूची हाडे वर आली होती. मला बाबाचा राग आला, बहिणीचा त्याहून जास्त.

मी करवंटी मागून घेतली. नारळ फुटतो तो वेडावाकडा. ही कड कापल्यासारखी गोल. सोंडेच्या खाचेत करपल्याचा काळा डाग. ड्रिल मशीनचे टोक तापले की करवंटी अशीच करपते, मी रोज करपवतो. कान मात्र पटाशीने, हाताने कोरलेले. हे मी मोठ्याने सांगितले, तर लोक म्हणाले, धंदेवाला जळतोय. बाबांनी मला उदार मनाने क्षमा केली.

तेवढ्यात केरूची लेक नमिता उठली. ती शेजारच्या जोहे गावी गणपतीच्या कारखान्यात साच्यांत प्लास्टर ओतते. तिने तो गोटा उचलून फिरवून पाहिला.

"बाबा, खोबरं करवंटीला चिकटूनच धरतं ना?"

"देवाच्या कृपेने, बाळ."

"म्हंजे करवंटी साचा झाली. साच्यात सोंड हाय, मंग गोट्यावर का नाय?"

कारखानदार हैबतरावांनी चष्मा लावून गोट्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. "साच्यात हाय ते मालावर उतरतंच," ते म्हणाले, आणि बाबांच्या झोळीतला दुसरा नारळ काढून त्यांनी चाकूने खरवडला. चिकटवलेला काथ्या निघाला, खाली डिंकाचा सांधा. वाळका नारळ ब्लेडने कापायचा, सुटा गोटा काढून आत कोरायचे, गोटा घालून पुन्हा जोडायचा. बाबांना एकाएकी नागोठण्याच्या भक्तांची आठवण झाली आणि ते झोळी उचलून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही केरूला पेणच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, हौसाला रागावले आणि औषध पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केले.

"बरा व्हईन ना?" केरूने विचारले.

"एकही गोळी चुकवली नाहीत तर."

हौसा तिथेच रडली. देव मानू नका, असे मी कुणाला सांगत नाही. पण हमरापूरकरांनो, मूर्तीच्या नाकावर प्लास्टरमधला हवेचा बुडबुडा दिसला तर तुम्ही ती बाजूला काढता. घरच्या माणसाचे औषध बंद करण्याआधी निदान तेवढे तरी निरखून बघा.