कथा नेहाची, अक्षर मिनलचं

नेहाची कथा अंकात पहिली लागली हे मिनलला कळलं, तेव्हा ती वाचनालयाच्या फळ्यावर त्याच अंकाच्या प्रकाशनाची सूचना लिहीत होती. कार्यवाह धम्मरत्न सर मागून आले आणि कौतुकाने म्हणाले, "मिनलताई, यंदा मान तुमच्या घरात. धाकट्या जाऊबाईंची कथा पहिल्या पानावर!"

मिनलच्या हातातला खडू मोडला. "वा, छानच की," ती म्हणाली, आणि उरलेल्या तुकड्याने 'अगत्य येण्याचे करावे' हे शब्द इतके दाबून लिहिले की पुढे कितीतरी दिवस ते फळ्यावरून पुसले जाईनात.

पिंपरीच्या त्या कामगार वसाहतीत 'उजेड सार्वजनिक वाचनालय' म्हणजे पत्र्याच्या छपराच्या तीन खोल्या. सकाळी कंपनीतून रिटायर झालेली मंडळी पेपर वाचायला आणि त्याहून जास्त भांडायला येत. दुपारी अभ्यासिकेत पोलीस भरतीची पोरं डुलक्या काढत. शनिवारी लहान मुलांना गोष्टी सांगत. आणि वर्षातून एकदा, धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या रविवारी, हस्तलिखित अंक निघे. छापलेला नव्हे, हाताने लिहिलेला, एकच प्रत. मोबाइलच्या जमान्यात हा कसला खुळचटपणा, असं म्हणणारे वसाहतीत पुष्कळ होते, आणि स्वतःची कविता अंकात नाही आली की तोंड फुगवून बसणारेही तेच होते.

अख्खा अंक लिहायची मिनल. तिचं अक्षर टपोरं, वळणदार. वसाहतीत कुणाच्या पत्रिकेवर नावं घालायची असोत की जयंतीचा फलक रंगवायचा असो, लोक मिनलकडेच येत. एकदा तिनेही भीत भीत स्वतःची कविता अंकासाठी दिली होती. अंकाच्या समितीत सगळे हसले होते, अगदी प्रेमाने. "मिनलताई, तुमचं अक्षर हीच कविता आहे की! आणखी काय हवं?" त्या दिवसापासून तिने स्वतःचं म्हणून काही दिलं नाही. लोकांच्या मनातलं आपल्या हाताने सुंदर करून द्यायचं, आणि टाळ्या लोकांनी घ्यायच्या. आपलं लग्न असल्यासारखं राबायचं आणि जेवायला शेवटच्या पंगतीत, असला तो प्रकार होता. तरी आजवर तिने तो गोड मानून घेतला होता.

पण नेहा?

जावा जावा आणि उभा दावा, असं लोक म्हणतात. या दोघींचा दावा कधी उभा राहिलाच नव्हता. कडाकडा भांडल्या असत्या तर एक बरं झालं असतं, वाफ तरी गेली असती. नेहा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. गळ्यात ओळखपत्र, दारात कंपनीची बस, बोलणं मऊ. मिनल घरात. सासूबाई, भिमाबाई, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा कोण घरी राहणार हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. मिनल होतीच.

आंघोळ, घास भरवणं, कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं, आणि जे कुणी तोंडाने बोलत नाही ते सगळं मिनलने केलं. भिमाबाईंच्या तोंडात दिवसभर तिचंच नाव. "मिनल, पानी. मिनल, पाय वडून दे. मिनल, कुटं गेलीस?" ते नाव ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. कधी कधी ती मुद्दामच ऐकू न आल्यासारखं करायची, घटकाभर भिंतीला टेकून उभी राहायची आणि मग जायची.

आणि नेहा पहिली शिफ्ट संपवून आली, की हातपाय धुऊन वाचनालयातलं पुस्तक घेऊन सासूबाईंच्या उशाशी बसायची. भिमाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण गोष्टीचं वेड भारी. "वाच गं पोरी," म्हणायच्या. शेजारपाजारच्या बायका दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "सून असावी तर अशी!" सुनेचं हे कौतुक चालू असताना दुसरी सून आत भांडी घासत असायची. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

इथवरही मिनलने गिळलं असतं. गिळता आलं नाही ते एकच. गेल्या थंडीत, एका संध्याकाळी, भिमाबाई गेल्या. मिनल मागच्या मोरीत नळ सोडून त्यांचीच चादर धूत होती. नेहा उशाशी होती. मिनल ओल्या हातांनी बाहेर आली तेव्हा सगळं संपलं होतं. नेहा रडत रडत म्हणाली, "माझं नाव घेतलं हो आईंनी. 'नेहा' म्हणाल्या आणि गेल्या."

सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी धाकट्या दिराने, प्रितमने, सगळ्यांसमोर हेच सांगितलं. मिनलच्या नवऱ्याने, सिद्धेशनेही मान डोलावली. तेव्हापासून नात्यात, वसाहतीत एकच वाक्य: नेहाचं नाव घेऊन म्हातारी गेली. मिनल ते वाक्य चहाबरोबर प्यायची, पोळीबरोबर खायची. दिवसभर जिचं नाव घेऊन जीव नकोसा केला, तिचं नाव शेवटच्या घडीला आठवू नये? तिला नेहाचा राग येत होता, आणि मेलेल्या सासूचा त्याहून जास्त येत होता. मेलेल्या माणसावर जळायचं म्हणजे वाईटच, पण ती जळत होती, खरं ते खरं.

आणि आता कथा. दुपारच्या सामसूम वाचनालयात कटनिबचं पेन काळ्या शाईत बुडवून मिनल लिहायला बसली. नेहाने मोबाइलवर लिहून प्रिंट काढून दिली होती. कथा होती सासूबाईंचीच. लिहिली होती चांगली, हेच तर दुखणं. भिमाबाईंचं हसणं, गोष्टीतला चोर पकडला गेला की त्यांनी चांगल्या हाताने मांडीवर मारलेली थाप, सगळं जसंच्या तसं. मिनलचे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आल्याचा तिला आणखी संताप आला.

मग ते वाक्य आलं. 'दिवसभर थोरल्या जाऊबाई असायच्याच.'

बस. एवढंच. सगळ्या राबण्याला एक वाक्य. घरात कपाट असतं, पंखा असतो, तशा थोरल्या जाऊबाई असायच्याच. मिनलच्या अंगाचा तिळपापड झाला. पेन टाकून ती दारापर्यंत गेली, पाण्याच्या माठापाशी उभी राहिली, परत आली. ते वाक्य तिने जसंच्या तसं उतरवलं, वेलांटीसुद्धा चुकवली नाही. कथा शेवटाला आली. 'आईंनी डोळे उघडले. माझा हात घट्ट धरला. एकच शब्द बोलल्या. नेहा.'

मिनलने शाईत पेन बुडवलं आणि लिहिलं, 'मिनल.'

इतकं सुरेख अक्षर तिचं आजवर कधी पडलं नसेल. वाचनालयाची रीत तिला पुरती ठाऊक होती. अंक लिहून झाला की निळ्या कापडात बांधून ठेवायचा. प्रकाशनापर्यंत तो कुणी उघडायचा नाही, समितीनेही नाही. आणि पहिल्या कथेच्या लेखकाने तो सगळ्यांसमोर उघडून त्यातूनच कथा वाचायची. वाच म्हणावं आता! सगळ्या वसाहतीसमोर, स्वतःच्या तोंडाने वाच.

पुढचे दिवस तिचे वाईट गेले. पान बदलावं असं तिला वाटायचं. मग नेहा ऑफिसच्या ग्रुपवर आलेल्या शुभेच्छा दाखवायची, "ताई, तुमच्या अक्षरात माझी कथा, मला तर भरूनच येतं," म्हणायची, आणि मिनलचं पान बदलायचं राहून जायचं.

रविवारी वाचनालय खचाखच भरलं. बुद्धवंदना झाली, धम्मरत्न सरांनी निळं कापड सोडलं. नेहा पांढऱ्या साडीत उभी राहिली आणि वाचू लागली. मिनल दुसऱ्या रांगेत पदर चाळवत बसली होती. चोराच्या गोष्टीला लोक हसले. 'थोरल्या जाऊबाई असायच्याच' ला शेजारच्या कस्तुराबाईंनी मिनलच्या गुडघ्यावर हात ठेवला, जणू फार मोठा गौरव झाला होता.

"एकच शब्द बोलल्या," नेहाने वाचलं, आणि ती थांबली.

थांबली ती थांबलीच. लोकांना वाटलं, गहिवरली. कुणी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही. ती पानाकडे बघत राहिली. मग मान वर करून तिने मिनलला शोधलं, आणि मिनलने ठरवल्याप्रमाणे नजर चुकवली नाही.

"मिनल," नेहाने वाचलं.

पुढच्या रांगेतल्या काहींनी एकमेकांकडे पाहिलं. मग टाळ्या झाल्या, खूप झाल्या. सिद्धेश चकित होऊन बायकोकडे बघत होता. प्रितमच्या कपाळावर आठ्या होत्या. बायका मिनलभोवती आल्या. "अगं, तुझं नाव घेतलं व्हय म्हातारीनं! मग आमाला येगळंच कसं सांगितलं?" मिनल हसली. असं आतून हसून तिला फार दिवस झाले होते.

चहाच्या टेबलापाशी नेहाने तिला गाठलं. मिनलने उत्तर तयार ठेवलं होतं. ती विचारणार, का बदललंत? आपण म्हणायचं, अगं बाई, नजरचूक झाली, रोज तेच नाव कानावर होतं ना! पण नेहाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रंग उडाला होता. तिने मिनलचं मनगट धरलं आणि अगदी हळू विचारलं, "ताई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"खोलीत तर दुसरं कुणीच नव्हतं. मी एकटीच होते." नेहाचा आवाज फाटला. "त्या तुमचंच नाव घेत होत्या. दोनदा घेतलं. मी म्हटलं, आई, मी आहे ना, नेहा आहे. तर मान हलवली आणि पुन्हा तुमचंच नाव."

मिनलच्या हातातला कप कलंडला. साडीवर चहा सांडला, तो तिला जाणवला नाही. "मी मोरीत होते," ती म्हणाली. "तिथेच."

"हो."

"मग मला बोलावलं का नाहीस?"

"बोलावणार होते, ताई. खरंच बोलावणार होते. पण दिवसभर तुम्हीच. मला तर त्या नावानेसुद्धा हाक मारायच्या नाहीत, नुसतं पोरी म्हणायच्या. मला वाटलं, एकदा तरी माझं नाव घेतील. म्हणून जरा थांबले. आणि तेवढ्यात..."

मिनल तिच्याकडे बघत राहिली. किती दिवस ती या बाईवर जळली होती, आणि ही बाई उशाशी बसून तिच्यावर जळत होती. मिनलला हवं होतं ते मिळालं होतं. खोटं लिहिलं आणि ते खरं निघालं. मग ते गोड का लागत नव्हतं?

धम्मरत्न सर फोटोसाठी हाका मारत होते. "या, या, दोघी जावा या! एकीची कथा, एकीचं अक्षर. जरा जवळ जवळ उभ्या राहा." नेहा तोंड पुसून निघाली. मिनलही गेली, कारण सगळे बघत होते. दोघींच्या हातात मिळून तो अंक दिला गेला. कुणीतरी हसायला सांगितलं.

मिनलला हसता येईना. त्या संध्याकाळी आपण नळ मोठा सोडला होता, हे तिला आठवलं. का सोडला होता, हेही आठवलं. आतून हाक आली तर ऐकू येऊ नये, म्हणून. आई दोनदा हाक मारून गेली होती, आणि तिला ओ कुणीच दिली नव्हती.