फाटकापाशी ठेवलेले डबे

नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते आहे, कारण नुसतं 'हे' म्हटलं की कोणते ते कळत नाही. रुपराव रेल्वेच्या ऑफिसात कारकून, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, आणि घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई, बायजाबाई. दोघांच्या पगारावर कर्ज काढून आम्ही नागपूरच्या एका नव्या लेआउटमध्ये दोन खोल्या बांधल्या. ओळीत आमचं घर शेवटचं, आणि बौद्धाचं घर त्या ओळीत ते एकच. हे कोणी तोंडावर बोलून दाखवत नसे. तेवढ्यासाठी रुपराव त्या लोकांचे इतके उपकार मानत की मला रुपरावांचीच चीड यायची.

लेआउट अजून कॉर्पोरेशनकडे गेलेलं नव्हतं, त्यामुळे झाडूवाले आमच्याकडे येत नसत. कचरा तुळसाबाई न्यायची. सकाळी हातगाडी घेऊन यायची, फाटकाशी हाक मारायची, डबा रिकामा करून परत ठेवायची. घरामागे महिन्याला एक रुपया. मग रस्ता रुंद करताना नाक्यावरची कचराकुंडी काढली आणि नवी कुंडी नाल्यापलीकडे गेली. तुळसाबाईने घरोघरी सांगितलं, "फेरा डबल झाला जी. आता दोन रुपये लागतील."

त्यावर रविवारी कृष्णकांतजींच्या व्हरांड्यात बैठक झाली. कृष्णकांतजी बँकेत हेडक्लार्क, ओळीचं काही काम निघालं की पुढे तेच. माणूस वाईट नाही. आम्ही राहायला आलो त्या दिवशी पहिला चहा त्यांच्या घरून आला होता. ते म्हणाले, दोन रुपये म्हणजे लूट आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. बैठकीत जो चिवडा आणि चहा झाला त्यात तुळसाबाईचे दोन-तीन महिने सहज निघाले असते, पण ते मनात आलं तरी मी बोलले नाही.

तिला काढून दुसरं कोणी पाहायचं ठरलं. पण आणायचं कुठून? एकेक करून सगळ्यांनी रुपरावांकडे पाहिलं. मुद्दाम नाही. घरात काही सापडेनासं झालं की माणूस नेहमीच्या खणाकडे पाहतो, तसं.

"रुपरावजी, तुमच्या ओळखीत असेल ना कोणी?" कृष्णकांतजी म्हणाले. "तुमच्याकडे मिळतात."

"पाहतो ना जी," रुपराव म्हणाले. "काहून नाही?"

मी बायकांत बसले होते. माझ्या शेजारी चारुशीला होती. ती आणि तिचे मिस्टर गिरिधरराव आमच्या समोरच्या घरात राहायचे. ती माझी मैत्रीण, माझ्या ताटातला घास उचलून खाणारी. हे मुद्दाम सांगते, कारण त्या ओळीत दुसरी कोणी आमच्याकडे पाण्यापलीकडे काही घेत नसे. कृष्णकांतजी बोलले तेव्हा ती माझ्या साडीच्या काठाला हात लावून भाव विचारत होती. तिने ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.

मला राग आला नाही. मला राग उशिरा येतो, आणि तो येतो तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो. एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोक कानात ओरडतात, लाइन लागली नाही की रडतात, आणि मला मध्येच 'तीन मिनिट हो गए' एवढंच म्हणायचं असतं. ती सवय अंगात मुरली. चांगलं झालं की वाईट, याचा मी विचार करत नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही हो काहून म्हटलं?"

"शेजारी आहेत वं. एवढं त करावंच लागते."

"मग दुसऱ्या कोण्या शेजाऱ्याले काहून नाही विचारलं?"

त्यांनी पेपर उघडला. आम्ही दोघं हळूच बोलत होतो. सासूबाईंना ऐकू कमी येतं, तरी हळूच.

याचं कारण आहे. गावी खाप्याला असताना बायजाबाई मोठ्या घरांचे गोठे आणि मागची अंगणं झाडायच्या. बदल्यात शिळी भाकर मिळायची. छप्पन साली नागपूरला येऊन दीक्षा घेतली, परत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. बोलावणं आलं, धमकी आली, भाकर बंद झाली. तरी गेल्या नाहीत. कडेवर रुपराव घेऊन नागपूरला आल्या आणि विड्या वळून त्यांना मॅट्रिक केलं. दुसऱ्याची घाण आपल्या घरातला माणूस उचलणार नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात मागितली. बाकी त्यांनी काय मागितलं असेल तर पानात चुना जरा जास्त.

रुपरावांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारून धोंडबाला आणलं. त्याची सायकलरिक्षा मोडली होती आणि तो काम शोधत होता. सव्वा रुपयात तयार झाला. कोण, कुठला, आम्ही विचारलं नाही. लोकांनीही विचारलं नाही. तो आमच्यातलाच, असं त्यांनी ठरवून टाकलं. तुळसाबाईला कृष्णकांतजींनी फाटकाबाहेरूनच सांगितलं की पुढल्या महिन्यापासून येऊ नकोस. ती आमच्या घरावरून गेली तेव्हा गाडी रिकामी होती आणि तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

मग तक्रारी आमच्याकडे यायला लागल्या. "रुपरावजी, तुमच्या माणसानं आमच्या दारात सांडवलं." "तुमचा माणूस आज उशिरा आला." तुमचा माणूस. रुपराव चप्पल घालून जायचे, पाहून यायचे, उद्या सांगतो म्हणायचे. एकदा खराटा घेऊन निघाले तेव्हा मी तो हातातून काढून घेतला. घरातली बोलणी दिवसेंदिवस कमी होत होती आणि आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

पावसाळा संपता संपता धोंडबा हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला. जाताना सांगून गेला, हसून गेला. मला त्याचं बरं वाटलं. रुपरावांनी ओळीत सगळ्यांना निरोप दिला की दुसरा पाहतो आहे, दोन-चार दिवस सांभाळून घ्या.

लोकांनी सांभाळून घेतलं. रविवारी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर आमच्या फाटकापाशी डबे ठेवलेले. तेलाचे पिपे, मोडकी घमेली, डालड्याचा गंजका डबा. नीट ओळीत. कोणी कोणाला सांगितलं नसणार. एकाने ठेवला असेल, दुसऱ्याने पाहिला असेल. त्यात एक हिरवी प्लास्टिकची बादली होती. ती मी लांबून ओळखली. सीताबर्डीवर चारुशीला आणि मी एकाच दुकानातून बादल्या घेतल्या होत्या. तिने हिरवी घेतली, मी लाल. लाल बादलीही तिथेच होती, ती आमची, रात्री रुपरावांनी बाहेर ठेवलेली.

आणि रुपराव फाटकाबाहेर होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन हातांत दोन पिपे.

"टाकून येतो," ते म्हणाले. "माय उठायच्या आत. एक दिवसाचंच आहे वं."

मी ते पिपे हिसकून घ्यायला हवे होते. निदान ओरडायला हवं होतं. मी डब्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोन फेऱ्यांत नाही होणार."

अजून मला तेच वाक्य ऐकू येतं. माझ्याच आवाजात, लाइनवर बोलते तसं.

"ठेव."

बायजाबाई दारात उभ्या होत्या. केस मोकळे, पांढरं लुगडं खांद्यावरून घसरलेलं. त्यांनी आधी डबे पाहिले, मग दुमडलेली पँट पाहिली.

"माय, तू आत जाय ना," रुपराव म्हणाले.

"ठेव म्हणलं ना रुप्या."

रुपरावांनी पिपे खाली ठेवले.

"कोणाचे आहेत?"

"ओळीतल्यांचे. धोंडबा गेला ना माय, म्हणून दोन दिवस..."

"तो गेला त तू काहून?"

तिशीला आलेला माणूस रस्त्यात पोटऱ्या उघड्या टाकून उभा होता. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला.

"प्रेमिला, खुर्ची आण वं."

मी लोखंडी घडीची खुर्ची आणून दिली. त्यांनी ती डब्यांच्या ओळीशेजारी मांडायला लावली आणि बसल्या. ऊन चढलं. वास सुटला, माशा आल्या. मी दोनदा आत चला म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही किंवा ऐकू आलं नाही. मी त्यांना पाणी दिलं आणि मागे पायरीवर बसून राहिले. रुपराव आत जाऊन खाटेवर बसले, पँट तशीच.

पहिल्यांदा कृष्णकांतजी आले, हातात पेपर. "आजी, उन्हात काहून बसल्या?"

"तुमचा कोणता?" बायजाबाईंनी विचारलं.

"काय?"

"डबा. तुमचा कोणता?"

कृष्णकांतजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. काहीतरी बोलून त्यांना सोडवावं असं मला वाटलं नाही. मग त्यांनी बोटाने एक पिपा दाखवला.

"न्या," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पेपर काखेत धरला आणि पिपा उचलला. अंगापासून लांब धरून नेला. स्वतःच्या घरचा तो डबा त्यांनी त्याआधी कधी धरला नसावा.

त्यानंतर एकेक आले. कोणी स्वतः, कोणी बायकोला पाठवलं. प्रत्येकाला तेवढंच विचारलं, आवाज न चढवता. तुमचा कोणता? न्या. कोणी वाद घातला नाही, कोणी माफीही मागितली नाही. पुढे त्याच आठवड्यात तुळसाबाईला निरोप गेला आणि ती दोन रुपयांवर परत आली. त्यावर मग कोणाला लूट आठवली नाही.

हिरवी बादली घ्यायला गिरिधरराव आले. "सगळ्यांनी ठेवले म्हणून आम्हीही..." ते मला म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

शेवटी लाल बादली उरली.

"हे कोणाची?"

"आपली, माय."

सासूबाईंनी रुपरावांना हाक मारली. ते बाहेर आले. "हे आपली आहे. हे ने. आणि पँट खाली सोड. रस्त्याच्या मधून जाय."

रुपरावांनी वाकून पँटच्या घड्या सोडल्या, हाताने सारख्या केल्या आणि बादली उचलून निघाले. ओळीतली दारं बहुतेक उघडी होती. ते रस्त्याच्या मधून चालत होते.

समोर चारुशीला तिच्या फाटकाशी आली होती. हिरवी बादली तिच्या पायाशी होती. रुपरावांना पाहून ती हसली, अगदी नेहमीसारखी.

"भाऊजी, तिकडेच चालले ना? मग हीपण घेऊन जा ना. एक हात तर रिकामाच आहे."

ती तिच्या सख्ख्या दिरालाही तसंच म्हणाली असती का? असती, असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, नसती. इतकी वर्षं झाली, हे मला ठरवता आलेलं नाही. आणि तिला विचारणंही मला जमलं नाही.

रुपराव थांबले. त्यांचा रिकामा हात किंचित पुढे झाला, सवयीने. तो मी पाहिला. मग त्यांनी तो खिशात घातला.

"नाही वहिनी," ते म्हणाले, आणि नाल्याच्या दिशेने चालायला लागले.

त्या ओळीत कोणाला नाही म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. मला आनंद व्हायला हवा होता. चारुशीला थोडा वेळ उभी राहिली, हसू तोंडावर तसंच. मग बादली आत घेतली आणि फाटकाची कडी लावली.

"काय म्हणली ते?" बायजाबाईंनी विचारलं. त्यांना एवढ्या लांबचं ऐकू येत नव्हतं. चेहरा थकला होता, पण काम संपलं की होतो तसा शांत होता.

"काही नाही, माय. मले चहाले बोलावून राहिली."

"मंग जाय ना वं," त्या उठत म्हणाल्या. "चांगली आहे ते पोरगी."

"जाईन," मी म्हणाले, आणि खुर्ची मिटून आत नेली.