साठ्यांच्या जबड्यातले तीन महिने

मित्रांनो, मानवजातीच्या दाढांमध्ये पडून राहून तिचं दुःख स्वतःवर घेणारी मी एक जुनी स्प्लिंट, म्हणजे दातांवर चढवायची पट्टी, आहे. मानवजात म्हणजे चिंचवडचे हरिहर साठे. बाकी कुणाच्या तोंडात मी बसत नाही.

माझा जन्म १९७६ साली डॉ. मृदुला वर्तक यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाला. साठ्यांच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा केला, त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा लगदा दाबला, आणि पितळी डब्यात आवळून मला उकळलं. माझं बालपण एवढंच. थंड झाल्यावर डॉक्टरांनी मला घासलं, उजेडात धरलं आणि "छान" म्हणाल्या.

साठे पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजून नापास करायच्या, हे त्यांचं काम. दिवसभर दात आवळून ते हे काम करीत, आणि आवळता आवळता एक दिवस जबडाच अडकला. तोंड दीड बोटाच्या वर उघडेना. कानापाशी कळ यायची. भाकरी सुटली, पोळी सुटली. दोन्ही वेळा गुरगुट्या भात.

"तीन महिने ही लावा," डॉक्टर म्हणाल्या. "जेवताना काढायची, एरवी सतत तोंडात. जबड्याला विश्रांती मिळेल. तीन महिन्यांत तीन बोटं तोंड उघडलं तर ठीक. नाहीतर पुण्याला जाऊन सांध्याचं ऑपरेशन."

"बोट हे माप नाही," साठे फटीतून म्हणाले. "मिलिमीटरमध्ये सांगा."

"चाळीस."

"अधिक-उणे किती?"

त्यांच्या पत्नी वासंतीबाई मात्र ऑपरेशनपाशीच थांबल्या होत्या. "चेहऱ्याची नस तिथूनच जाते ना हो?" त्यांनी विचारलं. डॉक्टर "हो" म्हणाल्या.

तेव्हापासून मी कैदेत. वर दातांची रांग, खाली दातांची रांग, आणि आत जीभ, जी येता-जाता मला ढकलून पाहायची. खिडकी म्हणून ती दीड बोटांची फट. साठे चिडले की मला चावत. साठे दिवसातून चाळीस-पन्नास वेळा चिडत. चांगला निघालेला नग त्यांना विशेष चिडवी. तरी मी टिकले. रोज सकाळी ते आरशापुढे व्हर्नियर, म्हणजे कारखान्यातली बारीक मापाची सरकपट्टी, घेऊन तोंड मोजत आणि आकडा वहीत लिहीत. सुरुवातीला एकोणीस होता. पाचव्या आठवड्यात सव्वीस झाला. वासंतीबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

इथेच थांबायला हवं होतं. पण सहाव्या आठवड्यात, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, साठ्यांनी मला धुतलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मी त्यांना तपासायची वस्तू वाटले. त्यांनी मला निळा रंग फासून सरफेस प्लेटवर ठेवलं. ही आरशासारखी सपाट लोखंडी फरशी असते; तिच्यावर ठेवून वस्तू सपाट आहे की नाही ते पाहतात. मी डुगडुगले.

थेरगावचे लक्ष्मणराव शेजारच्या ग्राइंडिंग मशीनवर असत. ते डबा सोडून आले. "साठेसायब, ह्यो नग तर डुलतोय की!"

"पुढून उंच आहे," साठे खिन्नपणे म्हणाले. "म्हणजे माझा जबडा सहा आठवडे वाकड्या नगावर बसतोय."

"डॉक्टरीणबाईंकडं सरफेस प्लेट न्हाई व्हय?"

"नसणार."

"मग आना हिकडं. सपाट करून देतो, तुमी फकस्त भात खा."

मित्रांनो, पुढचा तो उंचवटा डॉक्टरांनी मुद्दाम, तासभर खपून ठेवला होता. तो पाच मिनिटांत गेला. साठ्यांनी पुन्हा मोजलं, समाधानाने मान हलवली आणि रीतसर तपासणी अहवाल लिहिला. त्यावर गोल शिक्का मारला: पास. त्यांच्या हातून पास झालेला महिन्यातला तो पहिला नग होता, असं लक्ष्मणराव म्हणाले.

चौथ्या दिवशी आकडा आला सोळा. पाण्याचा पेलाही ओठांशी अडू लागला. कळ आता कानातून कपाळात जायची.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला साठ्यांच्या दातांवर बसवलं, मध्ये काळा कागद धरला आणि "चावा" म्हणाल्या. काळे ठिपके फक्त शेवटच्या दोन दाढांपाशी उठले; पुढचे दात आता माझ्यावर टेकतच नव्हते.

"हिला कोणी हात लावला?"

साठ्यांनी खिशातून अहवाल काढून पुढे ठेवला. डॉक्टरांनी तो शिक्क्यासकट वाचला.

"सरफेस प्लेटवर अगदी बसते मॅडम," साठे म्हणाले.

"तुमचा जबडा सपाट नाहीये, साठे. कुणाचाच नसतो."

"अहो, नापास करायला कंपनीत माल संपला होता का?" वासंतीबाई म्हणाल्या आणि तिथेच, दवाखान्याच्या बाकावर, रडायला लागल्या. साठ्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही.

डॉक्टरांनी माझ्यावर नवा थर चढवला, पुन्हा तासभर खपल्या. वासंतीबाईंनी व्हर्नियर तांदळाच्या डब्यात पुरला. सहा आठवडे साठ्यांनी काहीही न मोजता मला तोंडात ठेवलं. ही त्यांची आयुष्यातली सर्वांत अवघड शिफ्ट असावी. मला ती आतून जाणवत होती.

मुदतीच्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "बोटं घाला." एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं जरा अडखळून गेलं. घरी त्यांनी ज्वारीची भाकरी चतकोर मोडून चावली. वासंतीबाई समोर बसून त्यांचा जबडा पाहत राहिल्या. वाढायचं विसरल्या.

त्या दिवसापासून मी साबणाच्या डबीत, डबी कपाटाच्या खणात. पूर्वी निदान खिडकी होती. मित्रांनो, आम्हांला पाण्यात ठेवत जा, उन्हात टाकू नका, आणि कानस तर दाखवूसुद्धा नका. कोरडी पडून मी आता पिवळी झाले आहे.

डबीतून एकदाच बाहेर निघाले. साठे मला घेऊन दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "मॅडम, हिच्यामुळे जबडा सुटला, एवढं लिहून द्या. लक्ष्मणरावांना दाखवायचंय."

"तसं लिहिता येणार नाही," डॉक्टर हात पुसत म्हणाल्या. "अशी दुखणी पुष्कळदा काहीच न करताही तीन महिन्यांत बरी होतात."