नाटक कोप्यांपर्यंत नेणारा मी

मी राऊटर बोलतोय. हो, तोच! दिवे हिरवे असले की कुणी विचारत नाही आणि लाल झाले की सगळ्यात आधी टपली मलाच बसते.

उमेदीची वर्षं केडगावच्या एका कचेरीत, एसीच्या गारव्यात गेली. नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला कानिफनाथांनी उचललं. पाथर्डीकडच्या आपल्या गावात ते घरोघर इंटरनेट देतात. पंचायतीच्या खोलीत खिळ्याला टांगून त्यांनी मला पुन्हा कामाला लावलं. इथं धूळ भरपूर आहे, पण माणसं बरी आहेत.

दिवाळी सरली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. यंदा साठेक माणसं नेवाशाजवळ कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहिली होती. मनकर्णाबाई त्यांतल्याच. त्यांची स्नेहल इथं आजीजवळ. शाळेच्या गॅदरिंगात ती नाटकात सरपंचबाई होणार होती. मनकर्णाबाईंनी फोनवर बजावलं, "कानिफभाऊ, लेक पयल्यांदा स्टेजवर चढतीय. तेवढं मला दिसू द्या, बास."

कानिफनाथांनी शब्द दिला. कोप्यांच्या तळावरचं इंटरनेट ज्योतीताई सांभाळतात, त्यांनाही त्यांनी सांगून ठेवलं.

तालमीच्या दिवशी मोबाइल लावून चाचणी घेतली, तेव्हा मात्र कानिफनाथांमधला लग्नघरचा माणूस जागा झाला. आमच्याकडे पत्रिका प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन हातात द्यायची. एकाकडे देऊन 'बाकीच्यांना सांगा' म्हटलं की रुसवे ठरलेले. त्याच रीतीनं त्यांनी तळावरच्या प्रत्येक फोनसाठी नाटकाची वेगळी प्रत लावून दिली. साठ फोन, साठ प्रती, आणि बाहेर पडायला माझी एकच बारीक वाट! मी मेटाकुटीला आलो. तिकडे चित्र गोठलं. जांभई देणारे गुरुजी तळानं दहा मिनिटं पाहिले.

ज्योतीताई फोनवर हसल्या. "कानिफदादा, दर वावराला येगळा पाट खांदतो का आपन? एकच पाट. वावराकडं चारी फुटती तिथं वाटा करायच्या. आन ज्यानं मागितलं त्यालाच पानी."

"पर समद्यांना एकातच उरकलं, आसं म्हनतील की."

"म्हनू द्या. दिसंल तरी!"

मग दोघांनी माझी आणि तिकडच्या राऊटरची ओळख करून दिली. आमची जाळी वेगळी, मालक वेगळे. ओळखीशिवाय आम्ही एकमेकांचं काही घेत नाही. माझ्याकडे नाटक आहे, हे मी त्याला कळवलं. तळावर कुणी फोनवर 'पाहा' दाबलं की त्यानं माझ्याकडे मागणी करायची, मी एकच प्रत धाडायची, आणि वाटे त्यानं तिकडे पाडायचे. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

नाटकाच्या संध्याकाळी चित्र लख्ख पोचलं. स्नेहल ऐटीत आली, टाळ्या घेतल्या आणि ऐन निवाड्याच्या वेळी वाक्य विसरली. मग तिनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पाणी आधी खालच्या आळीला!"

तळावर काय झालं ते ज्योतीताईंनी लगेच फोन करून सांगितलं. लेक अडली तशा मनकर्णाबाई ताडकन उठल्या. रोज फोनवर ऐकून नाटक त्यांना पाठ झालेलं. "पानी आदी खालच्या आळीला, सनेहल!" त्या जीव तोडून ओरडल्या, आणि लेक तेच बोलली. "आता समद्यांना सांगत्यात, 'माज्या लेकीनं माजं आयकलं,'" ज्योतीताई म्हणाल्या.

आता खरं सांगतो. त्या संध्याकाळी माझ्या वाटेनं सगळं इकडून तिकडेच जात होतं. तिकडचा एक शब्दही इकडे आला नाही. शिवाय चित्र तिथं दोन क्षण उशिरा पोचतं. आई ओरडली, तेव्हा लेक बोलून मोकळी झाली होती.

कानिफनाथांना हे पक्कं ठाऊक आहे. त्यांनी माझ्या दिव्यांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि फोनवर म्हणाले, "व्हय, आयकलं तिनं."

माझी एक अँटेना आता दोऱ्यानं बांधलेली आहे. दिवस थोडेच उरलेत. काढायचं तेव्हा खुशाल काढा मला, तक्रार नाही. फक्त त्या दोन क्षणांचं मनकर्णाबाईंना कुणी सांगू नका.