इस्त्री केलेला डोंगर

माझ्या बाबांना सुरकुती बघवत नाही. शिंपीकाम करून करून हातांना इतकी सवय लागलीय की समोरच्याशी बोलता बोलता ते त्याची कॉलर सरळ करतात.

आमच्या भागातल्या कला केंद्रात एक ताई फोटोला फोटो जोडून फिल्म करायला शिकवते. वस्तू जराशी सरकवायची, फोटो काढायचा, परत सरकवायची. शनिवारी सगळ्यांच्या फिल्म दाखवायच्या होत्या. ज्याची पूर्ण होईल, त्यालाच पुढच्या वर्गात जागा. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "जागा मिळाली तर खुशाल शीक. नाही मिळाली तर सोमवारपासून मशीनवर बसायचं. मग कुरकुर नको." मी तावातावाने हो म्हणून बसले होते.

दुकानातल्या टेबलावर मी हिरवं कापड चुरगळून डोंगर केला होता आणि एक लाल बटण तो चढत होतं. दोनशे दहा फोटो झाले होते, बटण निम्म्यावर पोचलं होतं. शुक्रवारी सकाळी बघते तर डोंगर इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला! बटण डब्यात.

"केवढं चुरगळलं होतं गं," बाबा कौतुकाने म्हणाले. "म्हटलं, उद्या चार लोकांत दाखवणार, जरा नीटनेटकं असावं."

"बाबा, तो डोंगर होता!"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी घाईघाईने कापड चुरगळून दिलं, पण ते डोंगराऐवजी टोपलीतल्या धुण्यासारखं दिसत होतं. मी अर्धा तास रडले. मग नाक पुसलं आणि ठरवलं, गेला तर गेला, पण कसा गेला ते फिल्ममध्ये दाखवायचं. अडून बसायला मला वेळ नव्हता.

जमेल तसा डोंगर परत उभा केला. वेगळा झाला होता, म्हणून आधी त्याला भूकंप दिला. मग म्हटलं, "बाबा, इस्त्री घ्या. गार असू दे. मी सांगेन तेव्हा बोटभर पुढे."

"बोटभर?"

"बोटभर."

एका मिनिटात पँट इस्त्री करणारा तो माणूस तीन तास वाकून उभा राहिला. गिऱ्हाईक आलं की मीच हाकलत होते. संध्याकाळी इस्त्रीखाली डोंगराचा सपाट रस्ता झाला आणि बटण त्यावरून तुरुतुरु पलीकडे पोचलं.

शनिवारी लोक पोट धरून हसले. ताईने विचारलं, "हा हात कुणाचा?" बाबा मागच्या खुर्चीवरून उठून उभेच राहिले. माझं नाव पुढच्या वर्गाच्या यादीत लागलं.

घरी जाताना त्यांनी माझी कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "शिकायला माझी ना नव्हती गं. दुकानात दिवसभर एकटाच असतो मी. काल बरं वाटलं."

त्यांचा हात धरून मी तशीच चालत राहिले. पण जागा सोडते असं काही मी म्हटलं नाही.